गोगलगायींचं साप्ताहिक चक्र

सरांनी त्या बैठकीत हात वर केला तो पंखा कमी करा म्हणून सांगायला, अशी एक अफवा आमच्या संशोधन संस्थेत अजून फिरते. ती साफ खोटी आहे. सरांनी हात वर केला तो पूर्ण शुद्धीवर, छाती पुढे काढून, आणि संचालकबाईंनी "आपला सगळा डेटा जगासाठी खुला करायला पहिलं कोण तयार आहे?" असं विचारून चांगली दोन मिनिटं उलटल्यावर. त्या दोन मिनिटांत बुरशीवाले स्वतःच्या चपलेचा अंगठा तपासत होते, मातीवाले खिडकीबाहेर बघत होते आणि एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या पाणीवाल्यांना अचानक खोकला आला होता.

"माझा घ्या," सर म्हणाले. "एका आठवड्यात देतो. त्यात लपवण्यासारखं आहे काय?"

हे शेवटचं वाक्य पुढे सरांना बरंच जड गेलं. पण ते ओघानं येईलच.

आधी गोगलगायींचं सांगायला हवं, कारण सरांना सगळे गोगलगायवाले सर म्हणत आणि सरांना ते आवडायचं. सरांच्या घरामागे एक जुनी, शेवाळलेली, छातीइतक्या उंचीची भिंत होती. अलीकडे सरांची बाग, पलीकडे शेजारच्या निवृत्त स्टेशनमास्तरांची. या भिंतीवरच्या गोगलगायी सर चौदा वर्षं रोज सकाळी साडेसहाला मोजत होते. पावसात मोजत होते, तापात मोजत होते, मेव्हण्याच्या लग्नाच्या दिवशी तर नवा कोट घालून मोजत होते. फक्त गुरुवारी साप्ताहिक बैठकीसाठी त्यांना पहाटेच निघावं लागे, म्हणून गुरुवारची मोजणी त्यांच्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे असे. काकू आकडा वहीत लिहीत आणि वही जागेवर ठेवत. चौदा वर्षांत त्यांनी एक गुरुवार चुकवला नव्हता.

या मोजणीतून सरांना एक शोध लागला होता, आणि तो साधासुधा नव्हता. शुक्रवारी भिंतीवरच्या गोगलगायी एकदम निम्म्यावर यायच्या. शनिवार-रविवारी थोड्या वाढायच्या. मंगळवारी बघावं तर पुन्हा भिंत भरलेली. दर आठवड्याला हेच. गोगलगायीला शुक्रवार कसा कळतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्यामुळेच शोधाला वजन आलं होतं. सरांनी त्याला 'साप्ताहिक चक्र' असं नाव दिलं, त्यावर लेख लिहिला, आणि जगभरातल्या अकरा लेखांत त्याचा उल्लेख झाला. त्यातले तीन लेख सरांचेच होते, पण उरलेले आठ काही कमी नाहीत.

सरांनी हात वर करण्यामागचं खरं कारण मात्र समुद्रापलीकडे होतं. तिथल्या एका विद्यापीठात एक मुलगी गोगलगायींवर काम करत होती आणि गेली सहा वर्षं सरांचं चक्र आपल्याकडच्या भिंतींवर शोधत होती. तिला ते काही केल्या सापडत नव्हतं. "माझ्या गोगलगायींना शुक्रवार कळत नाही. माझं कुठे चुकतं आहे? तुमचे मूळ आकडे बघायला मिळतील का?" असं तिनं तीनदा लिहिलं. सरांनी तिसऱ्या पत्राला उत्तर दिलं: "निरीक्षणाला डोळे लागतात आणि धीर लागतो. दोन्ही वाढवा." हे वाक्य सरांना इतकं आवडलं की त्यांनी ते काकूंना वाचून दाखवलं. काकू भाजी निवडत होत्या. "जरा जास्तच लागेल हो पोरीला," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाजीकडे वळल्या.

चौथं पत्र महिन्यापूर्वी आलं होतं. सरांचं उत्तर तिच्या प्राध्यापकांनी वाचलं होतं, त्यांनाही ते पटलं होतं, आणि या वर्षअखेर चक्र दिसलं नाही तर तिनं हे काम सोडावं असं ठरलं होतं. सर दोन दिवस जरा अस्वस्थ होते. मग बैठकीत डेटा खुला करायचा विषय निघाला आणि त्यांना वाटलं, बरं झालं, सगळे आकडेच तिच्या पुढ्यात ठेवतो. डोळ्यांनी बघेल, शिकेल, नोकरी वाचेल.

आठवडा म्हणाले होते, पण नुसत्या वह्या उतरवून घ्यायलाच सात आठवडे लागले. आपलं अक्षर सुवाच्य आहे असा सरांचा समज होता, तोही त्यात गेला. शेवटी एकदाची फाइल तयार झाली आणि सरांनी ती रुबाबात तळमजल्यावरच्या डेटाबाईंकडे पाठवली. या डेटाबाई वयानं लहान, बोलायला अतिशय गोड, आणि त्यांच्या गोड बोलण्यानं भल्याभल्यांना घाम फुटे. तिसऱ्या दिवशी फाइल परत आली. सोबत एकसष्ट शंका होत्या.

"सर, फारच सुंदर काम आहे," डेटाबाई म्हणाल्या. "फक्त उद्या तुमच्या जागी दुसरा कुणी माणूस बसला तर त्याला हे कळायला हवं ना, म्हणून विचारते. हवामानाच्या रकान्यात 'स्वेटर' लिहिलंय."

"म्हणजे थंडी."

"आणि 'स्वेटर नाही'?"

"म्हणजे थंडी नाही."

"आणि हे 'स्वेटर सापडला नाही'?"

डेटाबाईंनी प्रेमानं पुढचं पान उलटलं. तिथे काही शंखांवर 'तांबडा ठिपका' अशी नोंद होती, वर्षामागून वर्षं. त्याचं कारण काय, असं त्यांनी विचारल्यावर सरांनी ठामपणे "आहारातला फरक" असं सांगितलं आणि डेटाबाईंनी ते लिहून घेतलं. त्यानंतर आली शंका क्रमांक चौतीस. भिंतीवर मोजणीच्या पाच जागा होत्या आणि चौथ्या जागेचं वर्णन होतं: 'कुत्रा बसतो तिथे'.

"शेजाऱ्यांचा कुत्रा," सर म्हणाले. "भिंतीला टेकून बसायचा."

"आता बसतो?"

"आता तो नाही. जाऊन नऊ वर्षं झाली."

"मग तेवढी जागा नेमकी मोजून द्याल का सर? कुत्र्याची?"

आता स्टेशनमास्तरांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरी संपली तरी त्यांचं वेळापत्रक संपलं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात आठवड्याचा तक्ता टांगलेला असे आणि कोणत्या वारी किती वाजता काय करायचं ते त्यात मिनिटासकट लिहिलेलं असे. केल्यावर शेजारी खूण, आणि डायरीत नोंद. सर टेप घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा ते सहा बावन्नचा चहा पीत होते.

"आमचा कुत्रा बसायचा नाही," स्टेशनमास्तर म्हणाले. "पहुडायचा. तेव्हा आधी हे ठरवा, डोकं धरायचं की शेपूट? दोन्हींत साडेतीन फुटांचा फरक येतो."

"डोकं धरू."

"डोकं तो हलवायचा."

त्यावर त्यांच्या मंडळी आतून म्हणाल्या की तो मुळात तिथे पहुडायचाच नाही, लिंबाखाली पहुडायचा. यावरून नवरा-बायकोत जुंपली. जुने फोटो निघाले. एका फोटोत कुत्र्याचं अर्धं अंग सापडलं, पण भिंतीपुढे स्टेशनमास्तरांचे व्याही उभे होते. दोन तासांच्या वाटाघाटींनंतर पोट धरायचं ठरलं. आज त्या खुल्या डेटात कुणीही बघू शकतं: जागा क्रमांक चार, डाव्या टोकापासून सव्वाएकवीस फूट, दिवंगत कुत्र्याचं पोट.

भिंत जगात जाणार आहे एवढं मात्र स्टेशनमास्तरांच्या नीट लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवशी सर उठून बघतात तर पलीकडून ब्रशचा आवाज. "जग बघणार, आणि अंगावर हे शेवाळ? आमची काही अब्रू आहे की नाही?" स्टेशनमास्तर भिंत घासत होते. सरांनी चहाचा कप तसाच टाकला आणि दोन्ही हात पसरून ते भिंतीला पालथे चिकटले. त्या अवस्थेत त्यांनी शेवाळाचं महत्त्व समजावून सांगितलं. रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे थांबले आणि कुणीतरी डॉक्टरांना बोलावू का, असंही विचारलं. चौदा वर्षांत सरांचा एवढा अपमान झाला नव्हता, पण शेवाळ वाचलं.

या सगळ्यातून फाइल पार पडली आणि डेटाबाईंनी शेवटचा अर्ज पाठवला. भिंत सामाईक असल्यामुळे शेजाऱ्यांची सही, आणि मोजणी करणाऱ्या प्रत्येकाची सही. सरांनी रविवारी दुपारी बागेत टेबल मांडून अर्ज भरायला घेतला. प्रश्न क्रमांक सतरा असा होता: 'निरीक्षणाच्या काळात जागेवर किंवा प्राण्यांमध्ये कोणत्याही माणसाने हस्तक्षेप केला आहे काय?' सरांनी मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलं. त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि पेन काकूंपुढे धरलं.

"इथे सही कर गं."

काकूंनी चष्मा लावला, प्रश्न वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"मी नाही करणार सही."

"का? आता काय झालं?"

"खोट्यावर सही करायला लावू नका मला."

सरांना वाटलं, ऊन लागलं असेल. "अगं, यात खोटं काय आहे? भिंतीवरच्या गोगलगायीला कुणी बोट तरी लावलंय का?"

"मी लावलंय," काकू म्हणाल्या. "दर गुरुवारी. मोजून झाल्या की निम्म्या टोपलीत भरायच्या आणि पलीकडे टाकायच्या. माझा कोबी खातात मेल्या. तुम्ही घरात असलात की एकीला हात लावू देत नाही. मग मी करणार काय? गुरुवारच सापडायचा तेवढा."

सरांनी पुढे धरलेलं पेन मागे घेतलं.

"आणि टाकल्या तरी परत येतात हो! मंगळवारी बघावं तर सगळ्या हजर. मला वाटलं, नव्या असतील. म्हणून खूण करायला लागले. शंखावर एक ठिपका, नेलपॉलिशचा."

"तांबडा?" सरांनी विचारलं.

"तांबडाच. तेव्हा माझ्याकडे तोच होता."

"मला... मला कधी कळलं कसं नाही?"

"इतक्या वर्षांत माझ्या नखांकडे कधी बघितलंत का?"

इतक्यात भिंतीपलीकडून "तरीच!" असा आवाज आला आणि स्टेशनमास्तरांचं डोकं वर आलं. ते सहीसाठी तीन वाजताची वेळ पाळून आले होते आणि वेळ व्हायला दोन मिनिटं होती म्हणून भिंतीआड बसून होते. "तरीच वहिनी, मी म्हणतो आमच्याकडे शुक्रवारी एवढी गर्दी कशी! सोमवारी दहा वाजून दहा मिनिटं, बागसफाई. सगळ्या वेचतो आणि तुमच्याकडे परत पाठवतो. तुमच्याच असणार, हे मला ठाऊक होतं. डायरीत आहे सगळं. किती पाठवल्या त्याच्या आकड्यासकट."

"म्हणजे तुम्ही टाकत होतात?" काकू कडाडल्या. "मला संशय होताच! पुरावा हवा म्हणून तर ठिपके करत होते मी!"

सरांनी हळूच खुर्ची ओढली आणि बसले. गुरुवारी जायच्या, सोमवारी परत यायच्या. अकरा लेखांत उल्लेख झालेलं चक्र अलीकडे काकू आणि पलीकडे स्टेशनमास्तर मिळून फिरवत होते. गोगलगायींना शुक्रवार कळत नव्हता. त्यांना कुठलाच वार कळत नव्हता.

ही बातमी लपून राहणार नव्हती, आणि सल्ले तर त्याहून आधी पोहोचले. स्टेशनमास्तर म्हणाले, "'तांत्रिक कारण' असं लिहा आणि मोकळे व्हा. आमचं स्टेशन त्या दोन शब्दांवर तीस वर्षं चाललं." बुरशीवाल्यांचा फोन आला. वह्या वाळवीनं खाल्ल्या म्हणा, असं त्यांचं म्हणणं. "मी माझ्या दोनदा खाऊ घातल्यात, कुणी विचारत नाही." मेव्हण्याला तर यात काही अडचणच दिसेना. गुरुवारचा रकाना गाळून टाकावा, असं तो म्हणाला. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर वाळवीचा सल्ला त्यांना चांगला अर्धा दिवस पटलेला होता. वही कुठे ठेवली तर वाळवी लवकर लागेल याचाही त्यांनी विचार केला.

संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवला, पण गेल्या नाहीत.

"त्या पोरीचं काय हो?"

"कुठल्या पोरीचं?"

"कळलं नाही असं दाखवू नका. तिला डोळे वाढवायला सांगितलंत ना? तिचे डोळे चांगले होते. तिला जे दिसत नव्हतं ते नव्हतंच. आणि तिची नोकरी चाललीय."

सरांनी चहाकडे बघितलं. त्यांना खूप लाज वाटली, आणि ती चक्र गेलं म्हणून नव्हती. ते आपलं वाक्य आठवून होती. किती घोळवून घोळवून लिहिलं होतं ते! चहा निवाला तरी ते तसेच बसून राहिले. मग उठले, अर्ज पुढे ओढला आणि 'नाही' खोडून 'होय' लिहिलं. त्याखाली 'सोबत पुरवणी जोडली आहे' असंही लिहिलं.

"तुझे आकडे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "किती टाकल्यास ते लिहिलं होतंस का कुठे?"

"लिहिलं होतं की. कॅलेंडरवर, गुरुवारच्या चौकोनात."

"आणि कॅलेंडरं?"

काकूंनी स्वयंपाकघराकडे बघितलं. जुनी कॅलेंडरं त्या फडताळात डब्यांखाली अंथरत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं स्वयंपाकघर अंगणात आलं. डबे, बरण्या, ताटं, काकूंनी कित्येक वर्षांत न बघितलेली एक किसणी. एका वर्षाचा मार्च महिना तेलाच्या बरणीखाली इतका चिकटला होता की तो सरांनी वाफ देऊन, प्रयोगशाळेतला चिमटा लावून सोडवला. स्टेशनमास्तरांनी डायऱ्या आणल्या आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून आकडे वाचायला सुरुवात केली. "सोमवार, दहा दहा, रवाना चौतीस." काकू वाचायच्या, "गुरुवार, पलीकडे एकेचाळीस, ठिपकेवाल्या बारा." सर लिहून घेत होते. मधूनमधून काकू आणि स्टेशनमास्तर एकमेकांकडे रागानं बघत, पण आकडे जुळले की दोघांनाही आनंद होई. डबे आठवडाभर अंगणात राहिले आणि जेवण रोज पोळ्या-लोणच्यावर भागलं.

पुरवणी एकोणीस पानांची झाली. डेटाबाईंनी ती एका बैठकीत वाचली, वर बघितलं आणि पहिल्यांदाच एकही शंका काढली नाही. "तांबडा ठिपका, कारण: आहार" हे मात्र त्यांनी सरांच्या देखत हलकेच खोडलं.

पुढच्या गुरुवारी सर बैठकीत उभे राहिले. बुरशीवाले, मातीवाले, पाणीवाले, सगळे या वेळी सरळ त्यांच्याकडे बघत होते. "मी मागे म्हणालो होतो की लपवण्यासारखं आहे काय," सर म्हणाले. "बरंच होतं. मला माहीत नव्हतं इतकंच. आता सगळं खुलं आहे, ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं." सगळे हसले. सरांनी पुरतं हसू दिलं, पाणी प्यायले आणि बसले. कुणी काही म्हणो, ताठ बसले.

त्याच दिवशी त्यांनी मुलीला लिहिलं. तीन मसुदे झाले. पहिल्यात विज्ञानातल्या अनिश्चिततेवर एक परिच्छेद होता. काकूंनी तो वाचून कागद उलटा ठेवला. "सरळ लिहा, चुकलो." शेवटी सरांनी लिहिलं: "तुमचे डोळे चांगले आहेत. चूक माझी होती. सगळे आकडे सोबत आहेत, प्रश्न सतरा आधी वाचा." ते पाठवताना त्यांना गेल्या खेपेसारखं कुणाला वाचून दाखवावंसं वाटलं नाही.

तेरा दिवस काही उत्तर आलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी, मोजणी चालू असतानाच आलं. सरांनी ते भिंतीपाशी उभं राहून वाचलं. काकू अलीकडे, स्टेशनमास्तर पलीकडे.

"सहा वर्षं मला वाटत होतं की मला बघताच येत नाही," मुलीनं लिहिलं होतं. "प्रश्न सतरा वाचून मी आधी खूप हसले, मग खूप रडले. मग ती पानं प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवली. मी कामावर राहते आहे. आणखी एक. तुम्हा तिघांचे आकडे मी एकत्र मांडून बघितले. गुरुवारी पलीकडे टाकलेल्या ठिपकेवाल्यांपैकी काही शनिवार-रविवारीच तुमच्या मोजणीत पुन्हा दिसतात. सोमवारच्या आधी! त्यांना कुणी टाकलेलं नाही. त्या भिंत चढून स्वतःच घरी आल्या आहेत. इतकी वर्षं, इतक्या नेमानं हे कुणी तपासलेलं मला तरी माहीत नाही. यावर लेख लिहायची तुमची परवानगी आहे का? आणि नावं कोणत्या क्रमानं घालू? मला वाटतं, प्रयोग तुमच्या पत्नीचा आहे."

सरांना दोनदा चष्मा पुसावा लागला.

"परवानगी कसली मागते?" काकू म्हणाल्या. "खुलं केलंय ना सगळं?"

"माझं नाव तिसरं चालेल," सर म्हणाले.

"दुसरं माझं," स्टेशनमास्तर लगेच म्हणाले, "आणि त्यात वेळ घाला, दहा वाजून दहा."

सरांनी वही उघडली. गुरुवार होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बैठक बुडवली होती आणि तसं संचालकबाईंना लेखी कळवलंही होतं. त्यांनी पाचही जागांवरचे आकडे लिहिले, पट्टी घेऊन पानाच्या कडेला एक नवा रकाना आखला आणि मग काकूंचा हात हातात घेऊन नखं नीट, जवळून बघितली.

"अगं, हा तांबडा नाही."

"जांभळा. दोन वर्षं झाली."

सरांनी रकान्यात 'जांभळा' लिहिलं, वेळ टाकली आणि टोपली काकूंच्या हातात दिली.

"आता टाक," ते म्हणाले. "पण मोजून."